देवबाग रोडवरची बचत गटाची खानावळ: २२० ची थाळी महाग आहे का?

मालवणहून देवबागला जाताना तारकर्ली मागे पडली की रस्त्याला लागून निळी ताडपत्री दिसेल, बोर्डवर नुसतं ‘मच्छी थाळी मिळेल’. बचत गटाच्या बायका चालवतात. मॅपवर शोधू नका, नाहीये.

आधी जेवण. बांगडा थाळी २२० ला, त्यात तिरफळं (जीभ बधिर करणारा मसाला) घातलेलं सार, एक अख्खा तळलेला बांगडा, उकड्या तांदळाचा भात, चपात्या, सोलकढी. सोलकढी खऱ्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, आणि नारळाच्या रसाची, त्यामुळे फिकट गुलाबी, हॉटेलातल्यासारखी भडक नाही, आणि ग्लासच्या तळाशी लसणाचा चोथा राहतो. तिरफळ बाजूला काढायचं असतं हं, सोबतच्या पुणेकराने कचकन चावलं आणि पुढची दहा मिनिटं गप्प होता, तेवढीच शांतता. मी सुरमई मागितली तर वाढणारी काकी म्हणाली, "सुरमय नाय आज, रापणीक बांगडो गावलो, तोच खावा." रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. मासे रापणवाल्यांकडून थेट घेतात, म्हणजे जे लागेल ते. रापणीत ओढायला माणसं भरपूर आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, पर्ससीनवाल्यांसारखं (यांत्रिक बोटीतून अख्ख्या थव्याला जाळ्याने घेरणारे) सगळं एका मालकाच्या खिशात जात नाही. २०१६ ला सरकारने पर्ससीनवर बंधनं घातली खरी, पण इथल्या मच्छीमारांना विचारा पाळतं कोण. जून-जुलैला मासेमारीला बंदी असते तेव्हा इथे सुका बांगडा आणि फणसाची भाजी.

आता रेटचं. बाजूच्या टेबलवर एक फॅमिली, "घरचंच जेवण ना, मग २२० कशाला" म्हणून घासाघीस करत होती. हीच लोकं रिसॉर्टमध्ये ‘ऑथेंटिक मालवणी’ म्हणून डबल पैसे मुकाट देतात, तिथे ती आपली संस्कृती असते, आणि इथे भांडी घासणारी मावशी समोर दिसली की २२० डोळ्यात खुपतात. काकीने बिलाच्या वहीवरच हिशेब दाखवला, स्वयंपाकवाली असो की भांडीवाली, दिवसाची मजुरी सगळ्यांना सारखी, मग कर्जाचा हप्ता, उरलं तर वर्षाने वाटणी. रिसॉर्टच्या किचनमध्ये असं असतं का?

आपल्या कोकणातली माणसं गिरण्यांत होती तेव्हा लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायकांच्या जेवणावरच जगली. त्या बायका मात्र सावकाराच्या तावडीत, १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं तेव्हा कुठे जरा सुटका. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, कितीतरी माणसं गावी परतली, आणि बायकांच्या हातचं जेवण फुकटात जमा धरायची सवय मात्र आपली अजून तीच. मला विचाराल तर २२० कमीच आहेत, २५० करा म्हणून सांगून आलोय.

तक्रारी पण आहेत. चपात्या गार आणि वातड, भातच घ्या. रविवारी दुपारी पाऊण तास सहज थांबायला लागतं. हात धुवायला एकच नळ. रेंज नसते त्यामुळे जीपे रामभरोसे, कॅश ठेवा. सोमवारी मासे नाहीत, काळ्या वाटाण्याची उसळ असते. कोंबडी-वडे हवे असतील तर सकाळी जाऊन सांगून यायचं, ऐनवेळी मिळत नाहीत आणि तिथे वाद घालून उपयोग नाही.

पाचपैकी चार, एक चपातीचा कापला.