सर्वोच्च न्यायालयाचं थेट प्रक्षेपण : आठवीच्या वर्गात दाखवून पाहिलं

मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ असे तीन चौकोन फळ्यावर काढायचे, मुलांनी ते वहीत उतरवायचे, हे इतकी वर्षं चाललं. या वेळी चौकोन काढलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवरून महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची, म्हणजे २०२२मध्ये शिवसेनेत फूट पडून ठाकरे सरकार गेलं त्या प्रकरणाची, सुनावणी लावली.

घटनापीठांच्या (घटनेच्या अर्थाचे प्रश्न ऐकणाऱ्या, पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठांच्या) कामकाजाचं थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ला सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी आपलं हे प्रकरण त्यात होतं. खर्च काही नाही, फक्त डेटा लागतो. टीव्हीवरच्या चर्चेची सवय असलेल्यांना पहिली दहा मिनिटं जड जातील. एक वकील बोलतोय, बाकीचे ऐकतायत, मध्येच एखादे न्यायमूर्ती थांबवून प्रश्न विचारतात. पाहण्यासारखं असतं ते हे थांबवणंच.

मी मार्च २०२३मधला भाग निवडला. राज्यपालांच्या बाजूने वकील तुषार मेहता बोलत होते. पक्षात मतभेद झाले एवढ्यावरून राज्यपाल बहुमत सिद्ध करायला सांगू शकतात का, असं पीठ त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होतं. राज्यपालांनाही कारण विचारलं जातं, हे मुलं पहिल्यांदा बघत होती. मागच्या बाकावरची कुजबुजही थांबली.

भाषेची अडचण आहेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८मुळे कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगावं लागतं. मात्र २१ फेब्रुवारी २०२३पासून याच खटल्यात बोलणं शब्दशः टिपून संकेतस्थळावर द्यायला सुरुवात झाली. त्याची छापील पानं हातात असली की शिक्षकाचं निम्मं काम हलकं होतं.

मग ११ मे २०२३चा निकाल सांगितला. राज्यपालांचा निर्णय चुकीचा होता, पण उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही. आणि आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा.

एका मुलीने हात वर केला. "बाई, हे सर्वोच्च आहे ना? मग अपात्र की पात्र ते त्यांनीच का नाही सांगितलं?"

या एका प्रश्नावर माझा उरलेला तास गेला, आणि मला त्याचा फार आनंद आहे. १९८५ साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, हा अधिकार अध्यक्षांना दिला. १९९२मध्ये न्यायालयाने तो मान्य केला, पण अध्यक्षांचा निर्णय तपासण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. म्हणजे आधी अध्यक्षांनी ठरवायचं, मग न्यायालयाने तपासायचं. मुलीला हे पटलं, तरी ती म्हणाली, "चूक झाली म्हणून सांगितलं, पण दुरुस्त कुठे केली?" तिला मी गप्प केलं नाही. बऱ्याच मोठ्या माणसांचाही आक्षेप हाच आहे.

माझं स्वतःचं मत असं, की "वाजवी मुदत" म्हणताना तेव्हाच तारीख द्यायला हवी होती. पुढे ती द्यावीच लागली : आधी ३१ डिसेंबर २०२३, मग वाढवून १० जानेवारी २०२४. त्या दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी कोणत्याच गटाच्या आमदारांना अपात्र ठरवलं नाही, आणि त्या निर्णयालाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

शिक्षकांनी हे जरूर वापरावं. आख्खी सुनावणी लावू नका, सात-आठ मिनिटांचा तुकडा आधी स्वतः दोनदा ऐकून निवडा. राज्यघटनेची मराठी प्रत दहाव्या परिशिष्टाचं पान उघडून टेबलावर ठेवा. तास संपल्यावर माझ्याकडची प्रत तीन मुलं मधल्या सुट्टीत वाचायला घेऊन गेली.