ग्रँडस्ट्रीम एचटी ८१३ : एका लँडलाइनपुरता डबा

दवाखाना, शाळा किंवा सोसायटीच्या ऑफिसात अ‍ॅस्टेरिस्क (कॉम्प्युटरवर चालणारं फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) बसवायचं तर कॉम्प्युटरचा खर्च फारसा नसतोच. पडून असलेला जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय चार-पाच कॉल सहज ओढतो आणि एक्स्टेंशन म्हणून मोबाइलवर सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं अॅप, टाकलं की झालं. पैसे लागतात ते बाहेरची लाइन आत घेणाऱ्या एफएक्सओ पोर्टला. एचटी ८१३ हा लँडलाइन इंटरनेट-फोनला जोडणारा ग्रँडस्ट्रीम कंपनीचा डबा. त्यात असा एक पोर्ट आहे, साध्या फोनसाठी एक एफएक्सएस पोर्ट आहे आणि दोन नेटवर्क पोर्ट आहेत. किंमत साधारण सहा-सात हजारांच्या घरात, विक्रेत्यागणिक थोडी कमी-जास्त.

याहून स्वस्त म्हणून अजूनही एक्स१००पी नावाची पीसीआय कार्डं (कॉम्प्युटरच्या आत बसवायची) विकली जातात. ती घेऊ नका. मुळात ती मोडेमची कार्डं. इम्पीडन्स (लाइनशी जुळावा लागणारा विद्युत अडथळा) अमेरिकन लाइनला धरून असल्यामुळे आपल्याकडे इको येतो, नव्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट नसतो, आणि नव्या दाहदीतून, म्हणजे अशी कार्डं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, त्यांचा ड्रायव्हरही काढून टाकलाय. वाचवलेले पैसे दोन दिवसांच्या डोकेदुखीत जातात.

मात्र एक लाइन, सात-आठ एक्स्टेंशन एवढंच हवं असेल आणि आयव्हीआर (‘अमुकसाठी एक दाबा’ सांगणारा आवाज), रेकॉर्डिंग, घरून कॉल घेणं यातलं काहीच नको असेल, तर हा डबाही नको. साधा १०८ ईपीएबीएक्स (एक लाइन, आठ एक्स्टेंशनचं तयार छोटं एक्स्चेंज) घ्या आणि विसरून जा.

डबा घेतलाच तर पहिली अडचण पासवर्ड टाकण्याआधीच येते : वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या, पोर्टकडून सेटिंगचं वेब पान उघडत नाही. एफएक्सएसला साधा फोन लावून तीन वेळा स्टार दाबा, मग ०२ दाबा, आयपी पत्ता ऐकू येतो. त्याच मेनूत १२ आणि नंतर ९ दाबलं की वॅनकडून प्रवेश सुरू होतो. नाहीतर लॅपटॉप लॅन पोर्टला जोडून १९२.१६८.२.१ उघडा.

एफएक्सओच्या पानावर स्टेज मेथड २ असते, ती १ करा. २ वर ठेवली तर एक्स्टेंशनवरून नंबर फिरवल्यावर पुन्हा डायल टोन ऐकू येतो आणि नंबर परत दाबावा लागतो. ‘पीएसटीएन रिंग थ्रू एफएक्सएस’ बंद करा, नाहीतर आयव्हीआरने कॉल उचलण्याआधी डब्याला लावलेला फोनच खणखणत बसतो. येणारे कॉल अ‍ॅस्टेरिस्ककडे जावेत म्हणून ‘अनकंडिशनल कॉल फॉरवर्ड टू व्हीओआयपी’मध्ये सर्व्हरचा पत्ता भरा. एफएक्सओचा सिप (इंटरनेट-फोनचे कॉल जोडण्याची पद्धत) पोर्ट ५०६२ आहे, ५०६० नव्हे. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते.

खरी ग्यानबाची मेख डिस्कनेक्ट टोनमध्ये, म्हणजे कॉल संपल्याच्या आवाजात आहे. समोरच्याने फोन ठेवला की आपल्याकडची बरीच एक्स्चेंज करंट तोडत नाहीत, फक्त एंगेज टोन वाजवतात. डब्यात मूळचा टोन अमेरिकन, म्हणजे ४८० आणि ६२० हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला एंगेज टोन एकट्या ४०० हर्ट्झचा, ७५० मिलिसेकंद चालू, ७५० बंद. त्यामुळे कॉल संपल्याचं डब्याला कळतच नाही. व्हॉइसमेलमध्ये नुसता ‘टूं... टूं...’ भरत राहतो आणि पुढच्या माणसाला लाइन एंगेज लागते. टोन डिटेक्शन चालू करून आपले आकडे भरले की हे थांबतं. लाइन फायबरची असेल, म्हणजे ओएनटीच्या (घरात बसवलेल्या फायबरच्या डब्याच्या) फोन पोर्टमधून येत असेल, तर आकडे वेगळे निघू शकतात. अशा वेळी फोन ठेवल्यानंतरचा आवाज रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोनची आणि मधल्या शांततेची लांबी मोजा.

कॉलर आयडीचंही तसंच. कॉपर लाइनवर बरेचदा पहिली रिंग वाजण्याआधीच डीटीएमएफमध्ये (फोनची बटणं दाबल्यावर येणाऱ्या सुरांत) नंबर येतो. दाहदीत यासाठी ‘पोलॅरिटी_आयएन’ असा खास भारतासाठीचा पर्याय ठेवलाय, यावरून काय ते समजा. डब्यात कॉलर आयडी स्कीम डीटीएमएफ करून पाहा. नंबर एफएसकेने (मोडेमसारख्या सुरांनी) येत असेल तर तो पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये येतो, म्हणून कॉल उचलण्याआधीच्या रिंग किमान २ ठेवा.

आवाज परत ऐकू येत असेल तर एसी टर्मिनेशनमध्ये (लाइनचा इम्पीडन्स जुळवायच्या सेटिंगमध्ये) देश भारत निवडा, मग गेन, म्हणजे आवाजाची पातळी, दोन-तीन डेसिबलने उतरवा. आधी गेन, मग टर्मिनेशन असं उलटं केलंत तर चाचपडत बसाल.

वीज गेल्यावर हा डबा एफएक्सएसचा फोन रिलेने थेट लँडलाइनला जोडतो. भारनियमनाच्या गावात एवढ्या एका गोष्टीसाठी त्याला गुण द्यावेत. तो फोन मात्र एक्स्चेंजच्या विजेवर चालणारा साधा असावा. कॉर्डलेस असेल तर त्याचा बेसही वीज गेली की बंद.

दोन लाइनपर्यंत असे दोन डबे चालतात. तीन-चार झाल्या की चार पोर्टचा जीएक्सडब्ल्यू ४१०४ सोयीचा. आणि परदेशातला कॉल इंटरनेटवर घेऊन इथल्या लँडलाइनवर सोडायचा विचार असेल तर तो बेकायदा आहे, डबा कुठलाही असो.

खांबावरून आलेल्या कॉपर लाइनवर वळवाच्या पावसात एफएक्सओ पोर्टच आधी जातो. डब्याच्या आधी २३० व्होल्टची गॅस डिस्चार्ज ट्यूब (विजेचा झटका जमिनीत सोडणारी नळी) असलेलं प्रोटेक्टर लावा आणि त्याची अर्थिंगची तार खरंच जमिनीत गेलीये का ते बघा. बरेचदा ती टेबलामागे नुसती लोंबत असते.