माती तपासून मक्याला युरिया टाकला, मका निघाल्यावरचा अनुभव (येवला, नाशिक)

माती तपासणीच्या रिपोर्टात काय असतं ते सांगत बसत नाही, सामू (पीएच), ईसी (क्षार किती ते), सेंद्रिय कर्ब, 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका सगळ्यांनी बघितलीये. माझा राग एकाच गोष्टीवर. हेक्टर! सातबारा सोडला तर आमच्याकडं हेक्टरात बोलतं कोण? मजूर एकरात बोलतो, दुकानदार गोणीत, आणि रिपोर्ट म्हणतो नत्र (नायट्रोजन) 198 किलो प्रति हेक्टर, कमी. लॅबवाल्याला म्हटलं एकरी गोण्या लिहून द्या, तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. फी मात्र आधी.

मग पोरीला घेऊन हिशोबाला बसलो. मक्याची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 120:60:40 किलो, मातीतलं नत्र 280 च्या आत म्हणजे कमी, म्हणून 25 टक्के वाढवून 150, हेक्टरात अडीच एकर म्हणून भागिले अडीच, एकरी 60 किलो. डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) च्या एका बॅगेतून 9 किलो नत्र आलं, राहिलं 51, युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे 111 किलो, 45 किलोच्या अडीच गोण्या. आमच्याकडं चार टाकायची रीत! नत्र 'कमी' येऊनही अडीचच, म्हटलं लॅब गंडलीये. थोरले बंधू म्हणाले, मका काय कागद वाचून वाढतो का रे.

म्हणून अर्ध्या वावरात त्यांच्या चार, अर्ध्यात माझ्या अडीच. पेरणीला अर्धी, महिन्यानं एक, 40-45 दिवसांनी एक. बंधूंचा मका हिरवा काळाभोर, माझा जरा फिक्कट, येणारा जाणारा विचारायचा काय झालं रे याला, तेव्हा लॅबला लय शिव्या घातल्या. मग वारा-पाऊस आला अन् तो काळाभोरच लोळला. काढणीला पोती दोन्हीकडं जवळपास सारखी. मत बदललं, काय करणार.

पण नत्राचा आकडा स्फुरदासारखा टिकत नाही, पावसात नायट्रेट (पाण्यात विरघळणारं नत्र) खाली निघून जातं, उन्हाळ्यातला रिपोर्ट भर पावसाळ्यात कितपत धरायचा? अमेरिकेत काही ठिकाणी मका गुडघ्याएवढा व्हायच्या आत फूटभर खोलीची माती काढून नायट्रेट बघतात, 25 पीपीएमच्या (दहा लाख भागात 25 भाग) वर असलं तर वरखत, म्हणजे उभ्या पिकाला नंतर द्यायचं नत्र, देतच नाहीत. हे इथं व्हायला पाहिजे. अन् काही लॅबा नत्र वेगळं तपासतच नाहीत, कर्बावरून काढतात, फी भरायच्या आधी विचारा.

वाचलं काय, तर एकरी दीड गोणी, 266.50 च्या भावानं चारशेला पंचवीस पैसे कमी. पण गोणीमागं दुकानदार जी नको ती बाटली गळ्यात मारतो ती पण वाचली, ते धरलं तर फी कधीच वसूल. आता उन्हाळ कांद्याआधी परत तपासणार, तिथं उशिरा जादा युरिया पडला की माना जाड राहतात अन् माल चाळीत सडतो.

नमुना बांधाकडंचा, झाडाखालचा घेऊ नका, अन् खताच्या रिकाम्या गोणीत तर भरूच नका. शेजारच्या आबांनी युरियाच्या गोणीत भरून नेला, त्यांचं नत्र एवढं आलं की लॅबवाल्यानंच फोन करून विचारलं, काका माती पाठवलीये ना?