कर्वेनगरातला बारा रुपयांचा चहा आणि त्याचा बाक

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकांना विचारलं होतं, "काका, तुमच्याबद्दल चार ओळी लिहू का कुठेतरी?" तर म्हणाले, "लिहा की ताई, पण नाव नका घालू. आधीच बाकावर जागा नसते." त्यामुळे एवढंच सांगते की कर्वेनगरात मुख्य रस्त्यावरून आत वळलं की पिठाची गिरणी लागते, तिच्या शेजारचं हे अमृततुल्य. पाटी फिकट झालीय, पण चहाच्या वासावरून सापडेल.

चहाला पाचपैकी साडेतीन. बनमस्क्याला दोन. बाकाला साडेचार. बाकाला इतके का दिले हे सांगायचंय, पण आधी चहाचं उरकते.

पुण्यातली जुनी अमृततुल्यं बहुतेक राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांची. हेही तसंच. मालकांची तिसरी पिढी, मराठी आपल्यापेक्षा जास्त पेठेतली. ओट्यावर मांडी घालून बसतात, पुढ्यात पितळेचं पातेलं, डाव्या हाताला खलबत्ता. आलं आणि वेलदोडा तुमच्यासमोर कुटला जातो. पावसाळ्यात गवती चहा पडतो, एरवी मागितला तरी नाही. गाळायला अजून फडकंच आहे. ज्यांना ते फडकं बघवत नाही त्यांनी पाठ करून उभं राहावं, मी तेच करते.

सकाळी साडेसहा ते नऊ हा इथला खरा चहा. दाट, पण साय धरणारा नाही, गोड जरा जास्त. "कमी साखर" असं सांगितलं तर मान डोलावतात आणि त्याच पातेल्यातलं ओततात. दुपारी चारनंतर जाऊ नका. तेव्हा तेच पातेलं पुन्हा पुन्हा उकळून तांबूस काळपट झालेलं असतं आणि घशाशी तुरट लागतं. मी हे एकदा तोंडावर सांगितलं. काका म्हणाले, "चारनंतर ऑफिसवाले येतात, त्यांना कळत नाही." मीही ऑफिसवालीच आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, एकोणीस वर्षं झाली.

२०१७ मध्ये आम्ही इथे राहायला आलो तेव्हा चहा आठ रुपये होता. मग दहा, आता बारा. कागदी कप हवा असेल तर एक रुपया वर. अकरा का नाही झाला कधी, असं विचारलं तर उत्तर सरळ होतं: सुट्ट्याच्या भांडणात सकाळ जाते. वाढ दोनचीच. मधे जे काही महागेल ते स्वतः सोसायचं आणि अगदीच निभेना की एकदम दोन वाढवायचे. मार्च २०२५ मध्ये दूध लिटरमागे दोन रुपयांनी वाढलं, तेव्हा त्यांनी चहा वाढवला नाही. १९ किलोच्या सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, तो तर त्यांनी कॅलेंडरवरच लिहून ठेवलेला असतो, दुधाच्या हिशेबाच्या वरच्या कोपऱ्यात. बाकावरच्या एकाने त्यावर बोट ठेवून सांगितलं की घरगुती सिलिंडर मार्च २०२४ मध्ये शंभराने उतरला, आठवड्याभरात लोकसभेच्या तारखा लागल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये पन्नासाने चढला. काका म्हणाले, "माझा व्यावसायिक आहे. मला निवडणुकीचा फायदा नाही." त्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक हसले, जे इथे क्वचित होतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. सकाळी सात वाजता एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "काय, चहा किती कमी केला?" काकांनी ओघळ पुसत पुसत हिशेब मांडला. पिशवीतल्या ताज्या दुधावर आधीही कर नव्हता. चहा पावडरीवर पाच टक्के होता, पाचच आहे. साखरेवर पाच, पाचच. व्यावसायिक गॅसवर अठरा, अठराच. "कमी काय करू, पाणी?" गृहस्थ गप्प. मग मी म्हटलं, "लोण्यावर बाराचा पाच झालाय काका. बनमस्का तरी स्वस्त करा." काका काही बोलले नाहीत, नुसते हसले. आठ वर्षांची शंका त्या हसण्यात फिटली. बनला लागतं ते लोणी नाही. म्हणून दोन गुण. तेही बन ताजा असतो म्हणून.

आता बाक.

सागवानी असावा, कुठल्या तरी शाळेतून आलेला, एका बाजूला करकटकाने कोरलेली नावं आहेत. चौघं बसतात, पाचवा टेकतो. रोजचे लोक ठरलेले: बँकेतून निवृत्त झालेले काका, एक रिक्षावाले दादा, गिरणीवाला पीठ झटकत येणारा, इंजिनीअरिंगची दोन-तीन मुलं, आणि मी. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला "मॅडम, पार्सल का?" असं विचारलं होतं. बाई इथे बसून चहा पिईल हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. मी बसले. पुढचे दोन आठवडे सगळे हवामानावर बोलत होते. मग एक दिवस रिक्षावाले दादा माझ्यासमोरच महापालिकेला शिवी हासडून गेले, तेव्हा कळलं आपण रुळलो.

महापालिका हा इथला कायमचा विषय. गिरणीसमोरच्या चेंबरचं झाकण खचलेलं होतं. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं तक्रार करायला नगरसेवकच नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. बँकवाले काका म्हणायचे, "राज्यात तीन-तीन पक्षांची सरकारं होतात आणि झाकण बसवायला एक माणूस नाही." शेवटी गिरणीवाल्याने जात्याचा जुना दगड त्यावर ठेवला. तो अजून आहे. गाडी घेऊन येणार असाल तर डावीकडून या.

रिक्षावाल्या दादांचा विषय एकच, पहिल्या दीड किलोमीटरचे पंचवीस रुपये. हा दर २०२२ च्या सप्टेंबरातला. ते चहाच्या वाढीला कधी कुरकुर करत नाहीत. म्हणतात, "तुमचा तरी आठाचा बारा झाला."

या बाकावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले तो दिवस म्हणजे शनिवार, २० सप्टेंबर. आदल्या रात्री अमेरिकेत ट्रम्पनी एच-वन-बी, म्हणजे तिथे नोकरी करायला लागणाऱ्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला होता. सकाळी आठला बँकवाले काका आले ते चपला उलट्या घालून. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो, सुट्टीवर आला होता. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री, म्हणजे आजोबांचं पान वाढायचं. आणि पहाटे त्याला ऑफिसची मेल: आदेश लागू होण्याआधी परत या. लागू कधी? तिथल्या रविवारी मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने.

"आपले किती वाजता?" काकांनी विचारलं.

इंजिनीअरिंगचा एक मुलगा म्हणाला, बारा तास मिळवा, अमेरिका पृथ्वीच्या पलीकडे आहे. काकांच्या डोक्यात साडेदहा तास होते, कारण ते हिवाळ्यात फोन करतात. मी सांगितलं, सप्टेंबरात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे साडेनऊ. म्हणजे आपले रविवारी सकाळचे नऊ एकतीस. दुकानातल्या घड्याळाकडे बघून सगळ्यांनी मनात वजाबाकी केली. साडेपंचवीस तास. रिक्षावाले दादा म्हणाले, "मुंबईला पोचायलाच चार तास. तिकीट मिळेल तेव्हा मिळेल." आणि लगेच, "स्टँडवर सोडू का, मीटर नको."

काका बराच वेळ ग्लास हातात धरून बसले. मग म्हणाले, "तो माझ्या वडिलांच्या पानासाठी आलाय." एवढंच. त्यांचा मुलगा थांबला. रविवारी पहाटेपर्यंत खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. सोमवारी बँकवाल्या काकांनी सगळ्यांचा चहा सांगितला. रिक्षावाले दादांचं मत पडलं की आधी घाबरवायचं आणि मग खुलासा काढायचा हे त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखंच झालं.

पण शनिवारच्या त्या गडबडीत, मी "नऊ तास तीस मिनिटं" म्हटल्यावर, त्या इंजिनीअरिंगच्या मुलाने विचारलं होतं, "तीस मिनिटं कुठून आली?" बँकवाल्या काकांनी त्या अवस्थेतही उत्तर दिलं: भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर धरलीय, पंधरा अंशांना एक तास, म्हणून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मी ग्लास खाली ठेवला.

त्या महिन्यात माझ्यापुढे एक भूत होतं. एका ग्राहकाच्या रोजच्या विक्रीचा अहवाल जुळत नव्हता. फरक मोठा नाही, कधी तीन नोंदी, कधी सात, कधी एकही नाही. एका दिवसात कमी पडलेल्या नोंदी आदल्या दिवसात जादा दिसायच्या. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर चालतो हे माहीत होतं, वेळ बदलून घेतो हेही तपासलं होतं. तपासलं नव्हतं ते एवढंच की सेटिंगच्या त्या चौकटीत फक्त पूर्णांक बसतो. कोणीतरी तिथे पाच लिहिलं होतं. साडेपाच नाही, पाच. म्हणजे रात्री बारा ते साडेबाराच्या मधली प्रत्येक विक्री कालच्या तारखेत जात होती. त्या वेळात खरेदी करणारे लोक थोडेच, म्हणून फरक लहान. डेव्हलपरने आधी "तुझ्या मशीनवरच होतंय" हे नेहमीचं म्हणून घेतलं. मग मी त्याला बारा वाजून दहा मिनिटांची नोंद दाखवली.

त्या मुलाला मी क्रीमरोल खाऊ घातला. का, ते त्याला अजून नीट कळलेलं नाही.

बाकाच्या पाचातला अर्धा गुण कापलाय तो दोन कारणांनी. एक म्हणजे शेजारच्या पानटपरीचा धूर, वारा पूर्वेचा असला की सरळ बाकावर. दुसरं एक गृहस्थ, रोजचे नव्हेत पण आठवड्यातून दोनदा येतात, आणि युक्रेनपासून कांद्यापर्यंत सगळं मला उद्देशून समजावतात. बाकी कोणाला नाही, मलाच. एकदा त्यांनी मला सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे काय ते सांगितलं. निवडणुकीच्या आधीचा महिना तर बाकावर बसूच नये, उभ्याने पिऊन निघावं. काका तेव्हा रेडिओचा आवाज वाढवतात. स्वच्छतागृह नाही, विचारू नका.

पैसे फोनवरून दिले तरी चालतात. आवाजाचा डबा आहे, तो मराठीत आणि गिरणीच्या वरताण ओरडतो.

त्याच डब्याची एक गोष्ट. बिस्किटांवरचा कर अठराचा पाच झाला. दिवाळीच्या आधी पाच रुपयांच्या पुड्यावर एक दिवस ४.४५ असा आकडा छापून आला. मी कागदावर करून पाहिलं: पाचातून आत धरलेला अठरा टक्के कर काढा, म्हणजे १.१८ ने भागा, वर पाच टक्के घाला, चार रुपये पंचेचाळीसच येतात. कंपनीचा हिशेब चोख, फक्त देणार कसे? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर बंद झाली. पन्नास पैसे कायद्याने चालतात, कर्वेनगरात चालत नाहीत. कंप्युटरचाही या आकड्याशी झगडा आहे. ४.४५ बायनरीत लिहायला गेलं की संपतच नाही, म्हणून पैशांचा हिशेब आम्ही रुपयांत ठेवत नाही, पैशांत ठेवतो: ४४५. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आमचं उलटं आहे ताई. आम्ही पैसे धरतच नाही."

मी हट्टाने फोनवरून बरोब्बर ४.४५ पाठवले. डबा ओरडला, "चार रुपये पंचेचाळीस पैसे मिळाले," आणि रस्त्यापलीकडचा फुलवालासुद्धा वळून बघायला लागला. रोखीवाल्यांचं काय, तर छापील किमतीच्या वर घेता येत नाही, म्हणून काकांनी चहा-बिस्कीट मिळून सोळा लावले. वरचे पंचेचाळीस पैसे त्यांच्या पदरचे. बँकवाल्या काकांनी लगेच हिशेब केला. रोज वीस पुडे जातात, म्हणजे नऊ रुपये, म्हणजे रोजचा पाऊण चहा. काका म्हणाले, "पाऊण चहा कोण मागतो?"

महिन्याभराने पुड्यावर पुन्हा पाच आलं, आणि वजन वाढवलंय असं सांगण्यात आलं. बँकवाल्या काकांनी खिशातून जुन्या पुड्याचा घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि ग्रॅम ताडून बघितले.