‘सवय होईल’ म्हणत गळ्यात मारलेले क्लीटचे बूट

बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला छोटा तुकडा, म्हणजे क्लीट, ज्यात अडकते ते सायकलचं क्लिपलेस पेडल. ही पेडलं आणि त्यावरचे बूट विकताना जी फसवाफसवी चालते, तिचं मुख्य हत्यार एक वाक्य आहे: "सुरुवातीला त्रास होतोच, सवय होईल." ते अर्धं खरं आहे, म्हणून तर खपतं. टाच बाहेर वळवून पाय सोडवणं अंगवळणी पडेपर्यंत पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला सायकलसकट आडवं होणं ओघानेच येतं. पण या अर्ध्या सत्याच्या आडून चुकीच्या मापाचे बूट आणि नकली पेडलंही खपवली जातात. गिऱ्हाईक सवय व्हायची वाट बघतं आणि तोवर माल परत करायची मुदत उलटून जाते.

कोथरूडमधल्या एका सायकलस्वाराला असाच संच मिळाला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची जाहिरात होती: शिमानो कंपनीची एम 520 पेडलं, बूट आणि क्लीट मिळून साडेसहा हजार, ‘महिनाभरच वापरलंय’. जुन्या बाजारात बुधवार-रविवारी जाणारा माणूस पकडसुद्धा तीनदा उघडमीट करून बघतो. ग्रुपवर मात्र ‘आपल्यातलाच आहे’ म्हणून डोळे मिटून पैसे पाठवतो. इथे सिंहगडाच्या चढावर करंगळ्या बधिर व्हायच्या आणि उजवा पाय ऐन वेळी सुटायचा नाही. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलंच. संच उघडल्यावर त्यात तीन लबाड्या निघाल्या.

पहिली उजव्या क्लीटमध्ये. दोन्ही स्क्रू वरून घट्ट दिसत होते, पण मागच्याच्या डोक्याभोवती फेविक्विकचा पांढरट थर होता. 4 मिमीची अ‍ॅलन की लावली, तर तो जागच्या जागी गरगर फिरला. सोलच्या आत जी आटे पाडलेली पट्टी असते, तिचे आटे गेले होते. एकाच स्क्रूवर उरलेली क्लीट पायाबरोबर फिरत नाही. टाच कितीही वळवली तरी क्लीट पेडलच्या जबड्यात जिथल्या तिथे राहते, म्हणून पाय सुटत नाही. गर्दीच्या रस्त्यावर हा दोष जिवावर बेतू शकतो, आणि यात सवयीचा काडीचाही संबंध नाही. बहुतेक बुटांत आतला तळवा उचलून ही पट्टी बदलता येते. नवी बसवताना स्क्रूला थोडं ग्रीस लावावं, 5 ते 6 न्यूटन-मीटर आवळावं, आणि पहिल्या राइडनंतर पुन्हा एकदा तपासावं. 

पाय सुटत नसेल तर पेडलवरचा ताणाचा स्क्रूही बघावा. दोन्ही बाजूंनी लागणाऱ्या एसपीडी (शिमानोच्या दोन स्क्रूंच्या क्लीटच्या) पेडलला प्रत्येक बाजूस एक, म्हणजे जोडीत चार स्क्रू असतात. 3 मिमीच्या कीने चारही उणे खुणेकडे सारखेच सैल करावेत. एवढं करूनही पाय अडकत असेल, तर मालात खोट आहे असंच धरून चालावं. एसएच 51 क्लीट फक्त टाच वळवल्यावर सुटते. एसएच 56 पाय तिरका वर ओढला तरी सुटते. नवख्याने दुसरी घ्यावी. विकणारे मात्र हाताला लागेल ती देतात.

दुसरी लबाडी मापाची. बुटाच्या जिभेवर 43 चं लेबल होतं, पण बोटांना दोन थर लागले. वरचं सोलल्यावर खाली 42 निघालं. युरोपीय मापात लागोपाठच्या दोन नंबरांत सुमारे 6.7 मिमीचा फरक असतो. चालायच्या बुटात तो कसाबसा चालून जातो. सायकलच्या बुटाचा सोल मुद्दाम कडक केलेला असतो, तो वाकत नाही, त्यामुळे बोटं पुढे दाबली जातात. लेबलवर विश्वास ठेवूच नये. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून कागदावर उभं राहावं आणि दोन्ही पायांची लांबी-रुंदी मोजावी. मोठ्या पायाचं माप धरावं. मग बुटातला तळवा बाहेर काढून त्यावर उभं राहावं: अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागा हवी आणि चवडा कडेबाहेर सांडता कामा नये. पुण्यातल्या दुकानांत अरुंद साच्याचे बूट जास्त दिसतात. चवडा रुंद असेल तर एक नंबर मोठा घेऊन भागत नाही, कारण टाच सैल पडते. रुंद साचाच मागावा.

क्लीटची जागाही इथेच ठरते. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जी हाडं लागतात, त्यांच्या मधोमध क्लीट यावी. तिथून पुढे गेली की चवड्यावर भार येऊन आग होते. अशा वेळी दोन-तीन मिमी मागे सरकवली तरी फरक पडतो.

तिसरी लबाडी पेडलांत. खऱ्या एम 520 ची जोडी 380 ग्रॅमची असते. किचनच्या काट्यावर ही जोडी बरीच हलकी भरली. आस धरून पेडल हलवलं तर बेअरिंगला खेळ होता. नव्यासारखी दिसणारी पेडलं अशी डुगडुगत असतील, तर माल नकली किंवा पार झिजलेला. घेण्याआधी 15 च्या पान्याने पेडल उतरवून बघावं. डावीकडचे आटे उलटे असतात, सवयीने सुलटं फिरवलं तर ते आणखी आवळतं.

याखेरीज जिमच्या स्पिनिंग सायकलीचे तीन भोकांचे बूट ‘रोड शूज’ म्हणून विकले जातात. ते एसपीडीच्या दोन स्क्रूंच्या क्लीटला चालत नाहीत. शिवाय लुक कंपनीच्या डेल्टा आणि केओ, आणि शिमानोची एसपीडी-एसएल, या तिन्ही क्लीट तीन स्क्रूंच्या असल्या तरी एकमेकींच्या पेडलमध्ये बसत नाहीत. ‘अ‍ॅडजस्ट होईल’ हे शब्द ऐकू आले की तिथून निघावं. बरीच वर्षं पडून राहिलेल्या मालात चिकटवण कोरडं पडतं आणि पहिल्या पावसात सोल सुटतो. म्हणून अंगठ्याने सोलची कड उचलून बघावी.

नवा आयात माल असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा देश आणि महिना-वर्ष असलं पाहिजे. ते नसेल आणि बिलही मिळत नसेल, तर स्वस्ताईची भुरळ पडू देऊ नये. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. पैसे गेले आणि वस्तूच आली नाही, तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, लगेच फोन करावा, तासाभराचाही उशीर नको. ‘अ‍ॅडव्हान्स परत करतो’ म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला, तर तो स्कॅन करू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागतच नाही.