धूर न सोडणारी टू-स्ट्रोक आणि माझे १,६०,०००

१५,००० टोकन. ६०,००० 'मिसेसच्या खात्यावर'. ८५,००० रोख, पाचशेच्या नोटा, समोर बसून मोजून. एकूण १,६०,००० रुपये मी अशा गाडीसाठी दिले जी विकणाऱ्याची नव्हतीच.

टोकन, भलत्याच्या नावाचं खातं, 'उद्या मुंबईची पार्टी येतेय' हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मलाही होतं. बदली झालेल्या जवानाच्या नावाने येणाऱ्या जाहिराती बघून मी हसत पुढे जायचो. त्यामुळे 'न बघता पैसे कसे पाठवलेस?' असं कृपया कुणी लिहू नका. घरी मेहुण्याने ते आठवडाभर ऐकवून झालंय. मी गाडी बघितली होती, किक मारली होती, गॅरेजमागच्या मोकळ्या प्लॉटवर चालवलीही होती.

गाडी यामाहा वायझेड १२५. ज्यांना हा रोग नाही त्यांना थोडक्यात सांगतो. ही मातीवरची शर्यतीची गाडी. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, बटण स्टार्ट नाही. वजन साधारण ९५ किलो, म्हणजे आपल्या जुन्या यामाहा आरएक्स १००पेक्षाही कमीच, आणि ताकद तिच्या जवळपास तिप्पट. आरएक्सची ११ हॉर्सपॉवर, हिची पस्तिशीच्या आसपास. खालच्या आरपीएमला काही नाही, मग एकदम पॉवरबँड, म्हणजे सगळी ताकद सुटणारा टप्पा, लागतो आणि पुढचं चाक वर. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पिस्टन-रिंगा घरच्या अंगणात बदलता येतात. फोर-स्ट्रोक २५०चं इंजिन बसलं की बिल बघून माणूस बसतो, तसं इथे होत नाही. पुण्यात आरएक्सवर वाढलेल्या माझ्या वयाच्या लोकांना त्या आवाजाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. आरएक्स १९९६ला बंद झाली, पण नाना पेठेत तिचे पार्ट विचारणारे अजून संपलेले नाहीत. त्यात २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची, म्हणजे अशाच गाड्यांच्या मातीवरच्या शर्यतींची, पहिली फेरी झाली आणि झोपलेला किडा पुन्हा वळवळायला लागला.

आता नवी घ्यायची म्हटली तर? कावासाकीची केएक्स ६५ आणि केएक्स ११२ इथे आल्या. २०२४च्या शेवटी केटीएमने ५०, ६५ आणि ८५ एसएक्स आणल्या. सगळ्या टू-स्ट्रोक, पण बहुतेक शाळकरी पोरांच्या मापाच्या, आणि त्यातली ८५सुद्धा तेव्हा साडेसहा लाखांच्या वर. पावणेसहा फुटाचा माणूस ८५वर बसला की सर्कशीतला दिसतो. मोठ्या माणसाच्या मापाची १२५ टू-स्ट्रोक मला एकाही शोरूमला मिळाली नाही. बाहेरून जुनी मागवावी तर तीन वर्षांपेक्षा जुनं वाहन आयातच करता येत नाही. मग उरतं काय? कुणाकडे तरी असलेली, हातोहात फिरणारी, कागद नसलेली गाडी. भामट्यांना नेमकं हेच माहीत असतं. रस्त्यावर चालवायची नाही म्हणून तिला आरसी नाही, आणि आरसी नाही म्हणून एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालक बघायची सोय नाही.

विकणाऱ्याने १,९५,००० सांगितले, १,८०,०००ला तुटलं. रेसिंग टीमने नवी मागवलेली २०११ची गाडी, टीम बंद पडली, गाडी त्याच्या वाट्याला आली, अशी गोष्ट. पटण्यासारखी होती, कारण अशा गाड्या खरोखर असतात. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, त्याने मोबाइलवर दाखवली, मोठी करून बघू दिली नाही. (त्या कागदावरचा फ्रेम नंबर आणि हँडलखालच्या स्टीअरिंग हेडवर ठोकलेला नंबर, दोन्ही शेजारी धरून अंक न् अंक जुळवा. विकणारा मोबाइल हातात देत नसेल तर चहाचे पैसे स्वतः देऊन निघा.)

गॅरेज कात्रजच्या पुढे. तिथली पोरं त्याला 'भाऊ' म्हणत होती, चहा त्याच्या खात्यावर आला, तो आत-बाहेर मालकासारखा फिरत होता. मला सांगा, अशा ठिकाणी तुम्ही काय आधार कार्ड मागितलं असतं?

आणि आता ती बाटली. रात्री डोळे मिटले की मला दुसरं काही दिसत नाही. गाडीच्या टाकीत जेमतेम तळाला पेट्रोल होतं. त्याने पोराला हाक मारली, पोराने शेजारी लावलेल्या ॲक्टिव्हाला नळी लावून पाण्याच्या बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल ओढलं आणि सरळ वायझेडच्या टाकीत ओतलं. ॲक्टिव्हाचं पेट्रोल! म्हणजे नुसतं, बिनतेलाचं. या गाडीला तेलाची वेगळी टाकी नाही, पंप नाही. लिटरमागे ३०-३५ मिली टू-टी तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. तेवढंच काय ते पिस्टनला वंगण. ज्याने या गाडीवर स्वतःचा पैसा घातलाय तो माणूस मेला तरी तिच्यात कोरडं पेट्रोल ओतणार नाही. तेल घातलेलं पेट्रोल रंगावरून कळतं. हे साधं पिवळट होतं, बाटली उन्हात होती, आणि मी दोन फुटांवर उभा होतो.

मग किक मारली आणि तो काय म्हणाला ऐका. "बघा दादा, धूर आहे का? काय कंडिशन ठेवलीय!" आणि मी मान डोलावली. आरएक्सला धूर कमी म्हणजे गाडी नीट, हे डोक्यात वीस वर्षांचं बसलेलं. पण धूर असतो जळणाऱ्या तेलाचा, आणि इथे तेलच जेमतेम होतं. आरएक्सचं तेल वेगळ्या टाकीत, पंपाने आपोआप जाणारं, त्यामुळे पेट्रोलच्या रंगाकडे बघायची आम्हाला कधी सवयच नव्हती. टाकीच्या तळाला आधीचं मिश्रण असणार, म्हणून इंजिन तिथल्या तिथे जाम झालं नाही. झालं असतं तर माझे ८५,००० तरी वाचले असते.

टोकन आणि ६०,००० आधी यूपीआयने गेले होते. रोख त्या दिवशी दिली. "टॉप एंड (इंजिनचा वरचा भाग) उघडून रिंगा टाकतो, रविवारी घेऊन जा, राहिलेले २०,००० तेव्हा द्या." रविवारी फोन बंद.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, "तो आमचा नाही, नुसता येऊन बसायचा." गाडी एका पोराने कामासाठी टाकलेली. तो खरा मालक आला, त्याने सिलेंडर उघडायला लावला, तर पिस्टनवर उभे ओरखडे. कोरडं पेट्रोल घालून कुणी चालवली यावर तिथेच भांडण. आणि कळस म्हणजे गॅरेजवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी चालवली." पिस्टन किटचे १४,५०० माझ्याकडे मागितले! दिले नाहीत, अर्थातच.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न: "गाडी नंबर?"

"नंबर नाही साहेब, ती रस्त्यावरची गाडी नाही."

"मग चालवणार कुठे होता? हवेत? बिननंबरी गाडी घेत होता म्हणजे तुमचंच बघावं लागेल."

मी फसवणुकीची तक्रार घेऊन गेलेलो आणि खुर्चीतला माणूस माझ्याच गाडीची कायदेशीर बाजू तपासतोय. गाडी कसली आहे याच्याशी काय संबंध? त्याने मला म्हैस विकली असती तर म्हशीची आरसी मागितली असती का? मग म्हणाले, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसरीकडे गेलो तर तिथे, पैसे तुम्ही घरून पाठवले, तिकडे जा. झीरो एफआयआर कायद्यात आहे, २०२४च्या जुलैपासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ला स्पष्ट लिहिलंय, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. हे म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "वकील आहात का?" सायबरवाल्यांकडे गेलो तर, प्रत्यक्ष भेटलात ना, मग हे सायबर नाही. बँकेत: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे, आम्ही काही करू शकत नाही. ज्या बाईच्या खात्यात ६०,००० गेले तिचं नाव माझ्या मोबाइलवर धडधडीत दिसतंय, खातं चालू आहे, आणि ती कोण हे विचारायला एवढ्या मोठ्या शहरात एक माणूस मोकळा नाही! शेवटी साधा तक्रार अर्ज घेतला, पोच म्हणून शिक्का मारून दिला, आणि वर ऐकवलं की हे दिवाणी प्रकरण आहे. दिवाणी कसलं? दुसऱ्याची गाडी स्वतःची म्हणून विकली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दुसरं कशाला आहे?

तुमच्यावर वेळ आली तर यूपीआयचे पैसे गेल्या-गेल्या १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी रविवारपर्यंत थांबलो, कारण तोवर मला गाडी मिळणार होती. रोख देऊ नका, द्यायचीच वेळ आली तर पावतीवर फ्रेम नंबर लिहून सही घ्या. आणि गाडी गार असताना बघायला जा, स्वतःचं तेल मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये घेऊन. विकणाऱ्याने 'किती मिली घातलंय?' असं विचारलं नाही तर समजा.

अर्ज दिलाय, पुढे काही नाही. मात्र त्याच फोटोंची जाहिरात मागच्या आठवड्यात परत दिसली. आता किंमत १,४५,०००, ठिकाण नाशिक, आणि नंबर वेगळा. फोटोत उजव्या बाजूचा निळा श्राउड (रेडिएटरवरचं प्लास्टिकचं आवरण) चिरलेला आहे आणि दोन काळ्या झिप टायने शिवलाय. खरा मालक पुण्यात आहे आणि गाडी त्याच्या घरी उभी आहे. टोकन पाठवू नका.