सोलापूरच्या उन्हात मिडसाइझ एसयूव्ही: 16 महिने, 21,000 किलोमीटर

गाडी 4.3 मीटर लांबीच्या वर्गातली. 1.5 लिटरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, टॉपच्या खालचं व्हेरिएंट. क्रेटा, सेल्टॉस, एलिव्हेट, ग्रँड विटारा, हायरायडर, कुशाक, टायगुन ही सगळी मंडळी याच रांगेतली. आपल्या गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालचं बहुतेक या रांगेतल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि उसाचा एक गाळप हंगाम झाला. साधारण निम्मं चालणं शहरात, निम्मं पुणे रोड, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, विजयपूर या रस्त्यांवर.

एसीपासून सुरुवात करतो, कारण सोलापुरात गाडी पटणार की नाही हे तिथेच ठरतं. मे महिन्यात पारा 42-43 ला जातो आणि उघड्यावर उभ्या गाडीतली हवा 60 अंशांच्या पुढे सहज जाते. अशा गाडीत बसल्या बसल्या एसी फुल आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) चालू, ही बहुतेकांची सवय. तीच चुकते. आत कोंडलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंश जास्त तापलेली असते आणि एसी तीच हवा फिरवून फिरवून थंड करत बसतो. चारही काचा खाली, ब्लोअर तीनवर, बाहेरची हवा चालू, असं अर्धा किलोमीटर चालवायचं. मग काचा वर घ्यायच्या आणि दोन मिनिटांनी रिसर्क्युलेशन लावायचं. एवढ्याने गार व्हायला लागणारा वेळ जवळपास निम्म्यावर येतो.

व्हेंटमध्ये, म्हणजे एसीची हवा येते त्या झडपेत, साधा थर्मामीटर अडकवून पाहिलं. चालत्या गाडीत दहा-पंधरा मिनिटांत 9-10 अंश मिळतात. सात रस्त्याला किंवा भैय्या चौकात सिग्नलवर तीन मिनिटं उभं राहिलं की तोच आकडा 14-15 वर चढतो. हा दोष नाही. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीदार भागाला, फक्त पंख्याची हवा मिळते. पण हा आकडा 18-20 वर जायला लागला, तर लगेच गॅस भरून घेऊ नये. आधी पुढच्या जाळीतून कंडेन्सर पाहावा. पुणे रोडवर रात्रीचा प्रवास झाला की त्याच्या पातळ पात्यांत किडे आणि धूळ मिळून खपली धरते. इंजिन पूर्ण थंड असताना, बागेच्या पाइपने, कमी दाबाने पाणी मारलं की ती निघते. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारू देऊ नये, कारण पाती दुमडतात आणि मग हवा जायची वाटच बंद होते. इथे पहिल्या उन्हाळ्यात 18 वरचा आकडा अशाच धुण्याने 14 वर आला. गॅस होता तेवढाच होता.

केबिन फिल्टर कंपनीच्या पुस्तकात 10,000 किलोमीटरला बदलायचा असतो. आपल्याकडे 5,000 ला काढून झटकावा आणि उन्हाळा सुरू होण्याआधी नवा घालावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करायचा, कडेची दोरी किंवा डँपर सोडवायचा, दोन्ही कडा आत दाबून बॉक्स खाली घ्यायचा, मागचं झाकण दोन चिमट्यांवर निघतं. नवा घालताना कडेवरचा हवेच्या दिशेचा बाण जुन्याप्रमाणेच ठेवायचा. पाच मिनिटांचं काम, पण बिलात याची मजुरी वेगळी लागते.

आता काचेच्या छताबद्दल, म्हणजे पॅनोरमिक सनरूफबद्दल. ज्यासाठी लोक दीड-दोन लाख जास्त मोजून वरचं व्हेरिएंट घेतात, ती ही गोष्ट सोलापुरात घेऊ नये, असं स्पष्ट मत झालं आहे. पडदा पूर्ण ओढलेला असला तरी दुपारी त्या कापडाला तळहात लावून बघावा, हात ठेववत नाही. पत्र्याच्या छताला आतून फोमचा थर असतो, इथे काच आणि पातळ कापड एवढंच. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर ती धग सतत येते आणि एसी तिच्याशीच झुंजत राहतो. चौकटीमुळे मागची डोक्याची जागाही कमी होते, फेटा किंवा टोपी घालणाऱ्याला ती लगेच कळते.

पावसाळ्यात दुसरा त्रास. सनरूफची चौकट मुळात पाणी अडवत नाही, आत आलेलं पाणी वाहून नेते. चारही कोपऱ्यांत छिद्रं असतात, तिथून नळ्या पुढच्या आणि मागच्या खांबांतून खाली जातात. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ कडेच्या पन्हळीत बसते, जूनच्या पहिल्या सरीत तिचा चिखल होतो आणि छिद्र बुजतं. मग पाणी वाचनदिव्याजवळून टपकतं आणि छताच्या कापडावर पिवळट डाग उठतो. गॅरेजवाले रबर बदला म्हणतात. रबराचा काही दोष नसतो. छत उघडून पन्हळ ओल्या कापडाने पुसायची, गवत कापायच्या यंत्रात असते तसली मऊ नायलॉनची दोरी छिद्रात हळूच सरकवायची आणि पेलाभर पाणी सावकाश ओतून ते चाकाजवळ खाली पडतं का पाहायचं. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आतल्या आत नळी जोडातून निसटली तर अख्खं छत उतरवावं लागतं. मेच्या शेवटी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा हे केलं की पुरतं.

टायर आणि सस्पेन्शनचा विचार करायचा तर आपली जमीन समजून घ्यावी लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जी काळी माती मानवते, तीच रस्त्याला मारक ठरते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते, आणि वरचं डांबर शाबूत असलं तरी रस्ता लाटेसारखा होतो. अशा रस्त्यावर 80 च्या पुढे मऊ सस्पेन्शनची गाडी डोलते, मागच्यांना मळमळतं. ही गाडी जराशी कडक आहे, शहरातल्या खड्ड्यांत ते जाणवतं, पण मंगळवेढा रोडला एका उसळीत स्थिर होते. हा सौदा मान्य आहे. पाच माणसं आणि सामान असताना मात्र मागचा भाग बसतो. ब्रोशरमधला 190 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, सहसा रिकाम्या गाडीचा असतो. गावातले हाताने घातलेले उंच गतिरोधक भरल्या गाडीने तिरके, एकेक चाक चढवत घ्यावेत.

टायरचा आकार बघताना रिमच्या दिमाखापेक्षा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या रबराची, उंची मोजावी. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रुंदीच्या किती टक्के ही उंची त्याचा, आणि शेवटचा रिमचा. 205/65 आर16 ला ती 133 मिलिमीटर येते, 215/60 आर17 ला 129, आणि 215/55 आर18 ला 118. अठरा इंची रिम दिसते छान, पण ते कमी झालेले दहा-पंधरा मिलिमीटर रबर खड्ड्याच्या कडेला उपयोगी पडणारं रबर होतं. साइडवॉलला फुगा आला की टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी भरावी. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. म्हणून जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पहाटे भरलेली 33 मेच्या पहाटे आपोआप 35 दाखवते, आणि पुणे रोडवर दोन तास चालल्यावर 38-39. पेट्रोल पंपावरचा मुलगा हा आकडा पाहून हवा काढायला निघतो. काढू देऊ नये. थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतात, जास्त दबतात आणि अजून तापतात. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे जास्त हवेपेक्षा कमी हवा जास्त वेळा असते. स्टेपनीही तपासावी. या वर्गात बऱ्याचदा ती लहान मापाची असते आणि तिच्यावरच वेगमर्यादा लिहिलेली असते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. मायलेज शहरात लिटरला 10.5 ते 11.5 किलोमीटर, हायवेला 90 च्या वेगाने 17 च्या आसपास, 110 ला तेच 14 वर येतं. हे आकडे टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला (पंपाची नळी आपोआप बंद होते तिथे) थांबून काढलेले आहेत. स्क्रीनवरचा आकडा यापेक्षा एखादा किलोमीटर चढाच असतो. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे जुन्या अनुभवांतले मायलेजचे आकडे आजच्या गाडीला लावू नयेत. 2,000 आरपीएमच्या खाली इंजिनात दम नाही. चार मोठी माणसं आणि एसी घेऊन तुळजापूरच्या घाटात तिसरा लावावा लागतो, वळणावर दुसरा. तक्रार नाही, पण टर्बोची सवय असलेल्याने आधी चालवून पाहावं.

डिझेल घ्यायचं का, हा प्रश्न हमखास येतो. जुळे सोलापूर ते नवी पेठ असं रोजचं पाच-सहा किलोमीटर चालणं असेल तर घेऊ नये. बीएस6 डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन गरम ठेवून पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. शहरात ते होत नाही, दिवा लागतो, आणि काजळीसोबत डिझेल ऑइलमध्ये उतरतं. आठवड्यातून दोनदा पुणे किंवा हैदराबाद असेल तर डिझेलसारखं सुख नाही. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या गाडीला रोड टॅक्स पेट्रोलला 12 टक्के आणि डिझेलला 14, हा फरकही हिशेबात धरावा.

मागच्या सीटवर दोन मोठी माणसं आणि एक मूल आरामात बसतात, तिसरा मोठा माणूस तासाभरापुरता. डिक्कीत दोन मोठ्या बॅगा आणि चादरींचं एक गाठोडं मावतं. पण डिक्कीचा उंबरठा उंच आहे, 50 किलोचं पोतं चढवायला दोघं लागतात. व्हेंटिलेटेड सीट, म्हणजे आत पंखा असलेली सीट, मात्र पैसे वसूल. पाठीचा घाम खरंच थांबतो. त्यावर जाड कव्हर घातलं तर आतल्या पंख्याची हवा वर येत नाही. त्याहून गंभीर म्हणजे साइड एअरबॅग सीटच्या कडेत असते, साधं शिवलेलं कव्हर तिला उघडताना अडवू शकतं. डिलिव्हरीच्या दिवशी अॅक्सेसरीजच्या यादीतून हे पहिलं खोडावं.

टचस्क्रीन चांगली आहे, वायरलेस जोडणी उन्हात तापून कधीमधी तुटते, वायर लावली की चालते. आपल्या बोअरच्या जड पाण्याने काळ्या रंगावर आणि काचेवर पांढरे ठिपके पडतात, म्हणून धुतल्यावर उन्हात सुकू न देता लगेच पुसावं. वायपरच्या टाकीत आरओचं पाणी घालावं, नाहीतर क्षार साचून नोझल बुजतात.

गाळप हंगामात रात्री मोहोळ-टेंभुर्णीच्या बाजूला उसाच्या डबल ट्रॉल्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला. एडीएएसच्या, म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणाऱ्या चालक-मदत यंत्रणेच्या, ऑटो ब्रेकवर इथे अजिबात विसंबू नये. उभ्या किंवा बैलगाडीच्या चालीने चाललेल्या, विचित्र आकाराच्या वस्तू हायवेच्या वेगात वेळेवर ओळखणं या यंत्रणांना जड जातं, आणि हे गाडीच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या लेन असिस्टला रस्त्यावरचे पट्टे लागतात, जे चौपदरी सोडलं की नसतात. त्यापेक्षा स्टिअरिंगजवळची हेडलाइट खालीवर करायची छोटी चकती शिकून घ्यावी. गाडी भरली की मागे बसते, झोत वर जातो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारतो. पाच माणसं आणि सामान असेल तर चकती 2 वर, एकटे असाल तर 0 वर. रात्री 80 च्या वर जाऊ नये, झोताच्या आत थांबता आलं पाहिजे.

सर्व्हिसमध्ये जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचावी. पहिल्या काही सर्व्हिसना मजुरी नसते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे असतात, इतकंच. 10,000 ला इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशा ओळी न विचारता आलेल्या होत्या. पुस्तकातलं वेळापत्रक उघडून दाखवल्यावर सगळ्या निघाल्या. एअर फिल्टर मात्र आपल्या धुळीत स्वतः बघावा. उलट्या बाजूने हलकेच ठोकून झटकायचा, कागदाच्या घड्या आतपर्यंत करड्या झाल्या असतील तर बदलायचा. 15,000 च्या सुमारास पुढून खड्ड्यात टकटक आवाज यायला लागला. तो स्टॅबिलायझर लिंकचा, म्हणजे सस्पेन्शनमधल्या एका छोट्या जोडदांड्याचा होता, तो वॉरंटीत बदलून मिळाला. अशा वेळी आधी शॉकअॅब्सॉर्बर बदला म्हणणाऱ्याकडून गाडी लिफ्टवर चढवून लिंक हाताने हलवून दाखवायला सांगावं.

घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोन वाजता मागावी, आणि ती तासभर उन्हात उभी केलेली गाडी असावी. शोरूमवाले एसी लावून गार करून आणतात, ती नको. घरची चार माणसं बसवावीत, सगळ्यांत उंच माणूस मागे. होटगी रोडने बाहेर पडून खराब रस्ता आणि दोन गतिरोधक घ्यावेत, परतताना गर्दीच्या सिग्नलला तीन मिनिटं थांबून मागच्या व्हेंटसमोर हात धरावा.